सी शार्प सर्व्हिसच्या आतली माहिती ॲट्रिब्यूट लावून डब्ल्यूएमआयमध्ये दाखवायची असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. सी शार्पमध्ये लिहिलेली, डॉटनेट फ्रेमवर्क ४.८ वर चालणारी एक विंडोज सर्व्हिस आहे, ती गोडाऊनमधल्या प्रिंटरांना लेबलं पाठवते, प्रत्येक प्रिंटरची वेगळी रांग. इन्फ्रावाले, म्हणजे सर्व्हर आणि नेटवर्क सांभाळणारी टीम, म्हणतायत की आमच्या मॉनिटरिंग टूलला डब्ल्यूएमआय (विंडोजची व्यवस्थापनाची माहिती दाखवायची सोय) कळतं, तर कुठल्या रांगेत किती लेबलं अडकलीत ते तिथून दिसू दे, आणि जमलं तर रात्रपाळीच्या माणसाला डेव्हलपरला झोपेतून न उठवता एखादी रांग थांबवता आणि परत चालू करता येऊ दे. विचारणाऱ्यांनी ऐकलंय की क्लासवर दोन-चार ॲट्रिब्यूट, म्हणजे कोडमध्येच चिकटवायच्या खुणा, लावले की काम होतं, तर रांगेचा जो मूळ क्लास आहे त्यावरच ते लावून टाकू का?

ॲट्रिब्यूट लावून काम होतं, अगदी खरंय, पण मूळ क्लासवर लावू नका. ज्या क्षणी तुम्ही एखादी प्रॉपर्टी डब्ल्यूएमआयमध्ये उघडी करता त्या क्षणी ती तुमची राहत नाही, तिच्या नावावर, टाईपवर, अर्थावर कुणीतरी अलर्ट लावतं, डॅशबोर्ड बनवतं, स्क्रिप्ट लिहितं, आणि ती माणसं तुमच्या टीममध्ये नसतात, तुमचा कोड बघत नाहीत, रिलीज नोट्स तर नाहीच नाही. म्हणून इन्फ्राला दाखवायला एक वेगळा, पातळ क्लास लिहा, मूळ रांगेला हातही लावू नका. ही एक गोष्ट पाळलीत तर बाकीचं सगळं निस्तरता येतं. आता सगळं नीट सांगतो, जरा लांबेल.

आधी पलीकडच्या बाजूला काय आहे ते. डब्ल्यूएमआय म्हणजे विंडोजची व्यवस्थापनाची माहिती एका साच्यात मांडायची सोय, साचा डीएमटीएफ या संस्थेचा सीआयएम नावाचा, आणि विंडोज २००० पासून ती ओएसमध्येच येते. त्यात क्लास असतात, क्लासच्या इन्स्टन्स, म्हणजे त्या साच्यातल्या प्रत्यक्ष वस्तू, असतात, प्रॉपर्टी असतात, मेथड असतात, हे सगळं नेमस्पेसमध्ये मांडलेलं असतं आणि ज्याला हवं तो एसक्यूएलसारख्या दिसणाऱ्या डब्ल्यूक्यूएलमध्ये क्वेरी मारतो. माहिती पुरवणाऱ्याला प्रोव्हायडर म्हणतात. पूर्वी प्रोव्हायडर लिहायचा म्हणजे सी प्लस प्लस आणि कॉम (विंडोजची कॉम्पोनंट जोडायची जुनी पद्धत) घेऊन बसायचं, एमओएफ, म्हणजे क्लासच्या आराखड्याची, फाईल हाताने लिहायची, ती कंपाईल करायची, नको नको व्हायचं. डॉटनेटने ते ॲट्रिब्यूटवर आणलं.

पण ॲट्रिब्यूट ही नुसती चिठ्ठी आहे, ती स्वतः काहीही करत नाही. ती कोण वाचतं आणि कधी वाचतं हे कळलं की निम्मे गोंधळ संपतात. एकदा ती वाचली जाते इन्स्टॉलच्या वेळी, तेव्हा तुमच्या असेंब्लीतले, म्हणजे कंपाईल झालेल्या ईएक्सई किंवा डीएलएलमधले, क्लास बघून त्यांचा आराखडा डब्ल्यूएमआयच्या रिपॉझिटरीत, म्हणजे त्याच्या साठ्यात, नोंदवला जातो. दुसऱ्यांदा सर्व्हिस चालू असताना, जेव्हा तुम्ही एखादा ऑब्जेक्ट पब्लिश करता. पहिली पायरी विसरलात तर क्लासच सापडत नाही, दुसरी विसरलात तर क्लास दिसतो पण त्याच्या इन्स्टन्स शून्य. 'ॲट्रिब्यूट लावले तरी काही दिसत नाही' या तक्रारींपैकी बहुतेक या दोनपैकी एक असतात.

ॲट्रिब्यूटच्या दोन पिढ्या आहेत, आणि नेटवर सापडणाऱ्या जुन्या उदाहरणांत त्यांची खिचडी झालेली असते. पहिली पिढी डॉटनेटच्या सुरुवातीपासूनची, सिस्टिम.मॅनेजमेंट.डीएलएल मधली. तिथे असेंब्लीवर इन्स्ट्रुमेंटेड हा ॲट्रिब्यूट, क्लासवर इन्स्ट्रुमेंटेशनक्लास, किंवा सरळ इन्स्टन्स या बेस क्लासपासून वारसा. त्यात सगळे पब्लिक मेंबर आपोआप उघडे होतात आणि जे नको त्यावर इग्नोअरमेंबर लावायचं. शिवाय ती फक्त वाचण्यापुरती, बाहेरून मेथड चालवता येत नाही. दुसरी पिढी २००७ मध्ये डॉटनेट ३.५ सोबत आली, वेगळ्या सिस्टिम.मॅनेजमेंट.इन्स्ट्रुमेंटेशन.डीएलएल मध्ये, आणि तिने दिशाच उलटी केली, ज्यावर तुम्ही स्वतः ॲट्रिब्यूट लावाल तेवढंच बाहेर जाईल. मला विचाराल तर या एका कारणासाठी दुसरी पिढी घ्यावी. पहिल्या पद्धतीत सहा महिन्यांनी कुणी नवा मुलगा क्लासमध्ये कनेक्शन स्ट्रिंगची पब्लिक प्रॉपर्टी टाकतो आणि ती कुणाला न कळता डब्ल्यूएमआयमध्ये जाऊन बसते. तुम्हाला रांग थांबवायची मेथड पण हवीय, म्हणजे तसाही दुसऱ्या पिढीशिवाय पर्याय नाहीच. नेमस्पेसचं नाव दोन्ही पिढ्यांना एकच असल्यामुळे युझिंगची ओळ बघून काही कळत नाही, रेफरन्समध्ये कुठली डीएलएल आहे ते बघा.

आता प्रत्यक्ष क्लास. समजा त्याचं नाव लेबलक्यूस्टेटस. असेंब्लीवर डब्ल्यूएमआयकॉन्फिगरेशन हा ॲट्रिब्यूट, त्यात नेमस्पेस, रूटच्या खाली तुमच्या कंपनीच्या नावाचा. रूट-सीआयएमव्ही२ मध्ये घुसू नका, ते विंडोजचं घर आहे. त्याच ॲट्रिब्यूटमध्ये होस्टिंगमॉडेल लिहायचं, त्याबद्दल पुढे सांगतो. क्लासवर मॅनेजमेंटएंटिटी. रांगेच्या नावाच्या प्रॉपर्टीवर मॅनेजमेंटकी. जे नुसतं बघायचंय त्यावर मॅनेजमेंटप्रोब. जे बाहेरून बदलू द्यायचंय त्यावर मॅनेजमेंटकॉन्फिगरेशन. आणि मेथडवर मॅनेजमेंटटास्क. एवढ्यात तुमचं भागतं. मॅनेजमेंटनेम म्हणून अजून एक आहे, कोडमधलं नाव काहीही असलं तरी बाहेर दिसणारं नाव वेगळं ठेवता येतं त्याने, ते मी प्रत्येक मेंबरवर पहिल्या दिवसापासून लावायला सांगतो, कारण उद्या कुणीतरी व्हिज्युअल स्टुडिओत रिनेम दाबेल, कंपाईल होईल, टेस्ट पास होतील आणि इन्फ्राचे अलर्ट गुपचूप मेलेले असतील. नावाचं वचन कोडपासून तोडून ठेवलं की हा धोका गेला.

ही की, म्हणजे प्रत्येक इन्स्टन्स वेगळी ओळखायची खूण, कुठली घ्यायची यावर मात्र थांबून विचार करा. डब्ल्यूएमआयमध्ये प्रत्येक इन्स्टन्सला पत्ता असतो, मशीनचं नाव, नेमस्पेस, क्लास आणि कीची किंमत मिळून. मॉनिटरिंग टूल बहुतेक वेळा हाच पत्ता धरून इतिहास साठवतं. तुम्ही कीमध्ये सर्व्हिस सुरू होताना बनवलेला जीयूआयडी, म्हणजे दर वेळी नवा असणारा लांबलचक आयडी, दिलात तर दर रिस्टार्टला टूलच्या दृष्टीने जुन्या सगळ्या रांगा गायब आणि नव्या रांगा जन्माला, आलेख तुटलेले, अलर्ट अनाथ. डेटाबेसमधला आयडी पण नको, टेस्टवरून प्रॉडक्शनला जाताना तो बदलतो आणि रात्री तीनला अलर्टमध्ये '१७' वाचून कुणाला काय कळणार. गोडाऊनमधली माणसं ज्या नावाने प्रिंटर ओळखतात, म्हणजे डॉक-३ किंवा पॅकिंग-१, तेच नाव की म्हणून द्या. ते कॉन्फिग फाईलमधून येऊ दे, प्रिंटर बदलला तरी जागेचं नाव तेच राहतं.

मग दाखवायचं काय? सगळ्यांचा पहिला विचार असतो 'रांगेत किती', पेंडिंगची संख्या. ती द्या, पण ती एकटी फसवी आहे. सकाळी गाडी लागली की पाचशे लेबलं एकदम येतात आणि दहा मिनिटांत छापून होतात, तेव्हा पाचशे म्हणजे सगळं ठीक चाललंय. आणि दुपारी तीनच लेबलं आहेत पण चाळीस मिनिटं जागची हललेली नाहीत, तेव्हा तीन म्हणजे गाडी दारात उभी आहे. म्हणून सगळ्यात जुनं लेबल किती वेळ थांबलंय ते द्या, अलर्ट त्याच्यावर लावायला सांगा. सोबत शेवटचं यशस्वी लेबल कधी गेलं ती वेळ, लागोपाठ किती वेळा फेल झालं ती संख्या, आणि रांग मुद्दाम थांबवलेली आहे का. एवढं पुरे. प्रत्येक लेबलाची वेगळी इन्स्टन्स पब्लिश करायच्या फंदात पडू नका, हजारो ऑब्जेक्ट होतात आणि 'सिलेक्ट स्टार' मारणारा कुणीतरी निघतोच.

टाईपच्या बाबतीत सीआयएमचं जग सी शार्पपेक्षा छोटं आहे. पूर्णांक, रिअल, बूलियन, स्ट्रिंग, तारीख-वेळ, त्यांचे ॲरे, एवढ्यात बसवा. डेसिमल तिथे नाहीच. टाईमस्पॅन दिलात तर तो सीआयएमच्या इंटरव्हल फॉरमॅटमध्ये जातो, दिवस-तास-मिनिटं चिकटलेली एक लांब आकड्यांची माळ आणि शेवटी कोलन आणि तीन शून्यं, आणि बऱ्याच टूलना त्याच्यावर 'पेक्षा जास्त' लावता येत नाही. म्हणून जुन्या लेबलाचं वय सरळ सेकंदांत, ३२ बिटचा पूर्णांक, आणि नावातच सेकंद घाला, ओल्डेस्टवेटसेकंड्स असं. नाव लांब झालं तर होऊ दे. मी एका ठिकाणी नुसतं 'एज' नावाचं फील्ड बघितलंय, डेव्हलपरच्या मते ते मिलिसेकंद, इन्फ्राच्या मते सेकंद, अलर्ट सतत वाजत राहिला आणि शेवटी कंटाळून कुणीतरी तो बंदच करून टाकला.

६४ बिटचे पूर्णांक शक्यतो टाळा. डब्ल्यूएमआयच्या कॉम बाजूने ते स्ट्रिंग म्हणून बाहेर येतात, त्यामुळे व्हीबीस्क्रिप्टवर उभी असलेली जुनी टूलं '९' ला '१००' पेक्षा मोठं म्हणू शकतात. आणि वेळ बघताना दचकू नका, डब्ल्यूबीईएमटेस्ट या विंडोजमधल्या डब्ल्यूएमआय तपासायच्या टूलमध्ये ती २०२४०३११०९३०००.००००००+३३० अशी दिसेल. ते शेवटचं +३३० म्हणजे यूटीसीपासूनची मिनिटं, आपली साडेपाच तास. सर्व्हर इथे आणि मॉनिटरिंगची टीम दुसऱ्या देशात असेल तर याच्याकडे नीट लक्ष द्या, ऑफसेट न बघता पहिलाच तुकडा कापून घेणाऱ्या स्क्रिप्टा बऱ्याच आहेत. वय सेकंदांत द्यायला सांगतोय त्याचं हेही एक कारण.

होस्टिंगमॉडेल. म्हणजे प्रोव्हायडर कुठल्या प्रोसेसमध्ये राहणार ते, त्याच्या दोन मुख्य वाटा आहेत. एक डीकपल्ड, म्हणजे प्रोव्हायडर तुमच्याच प्रोसेसमध्ये राहतो, सर्व्हिस चालू तर माहिती आहे, बंद तर नाही. दुसरी इन-प्रोसेस, म्हणजे तुमची डीएलएल डब्ल्यूएमआयपीआरव्हीएसई.ईएक्सई या विंडोजच्या होस्ट प्रोसेसमध्ये लोड होते, त्यासाठी ती स्ट्राँग नेमची (किल्लीने सही केलेली) आणि जीएसीत, म्हणजे डॉटनेटच्या सामाईक असेंब्लींच्या साठ्यात, असावी लागते, आणि मॅनेजमेंटएन्युमरेटर आणि मॅनेजमेंटबाइंड लिहून 'सगळ्या इन्स्टन्स अशा मिळतात, कीवरून एक अशी मिळते' हे सांगावं लागतं. तुमची माहिती सर्व्हिसच्या मेमरीत आहे, म्हणून तुमच्यासाठी डीकपल्डच. इन-प्रोसेस तेव्हा घ्यायचं जेव्हा माहिती रजिस्ट्रीत, फाईलमध्ये वगैरे असते आणि सर्व्हिस बंद असतानाही दिसायला हवी.

डीकपल्डमध्ये सर्व्हिसच्या ऑनस्टार्टमध्ये प्रत्येक रांगेसाठी एक ऑब्जेक्ट बनवून इन्स्ट्रुमेंटेशनमॅनेजर.पब्लिश करायचा आणि रांग बंद करताना, आणि ऑनस्टॉपमध्ये, रिव्होक. रिव्होक विसरू नका, पब्लिश केलेला ऑब्जेक्ट धरून ठेवला जातो, गार्बेज कलेक्टर त्याला हात लावत नाही, आणि त्याच्यातून तुमच्या मूळ रांगेकडे रेफरन्स असेल तर तीही मेमरीत अडकते. तुमच्या चार-सहा रांगा कायमच्या असतील तर फरक पडणार नाही, पण त्या दिवसभर बनत-मोडत असतील तर मेमरी चढत जाईल आणि कुणाला शंकाही येणार नाही की हे डब्ल्यूएमआयमुळे होतंय. पब्लिश फसलं तर सर्व्हिस मात्र पडता कामा नये, ट्राय-कॅचमध्ये टाका, लॉग करा आणि पुढे चला, माल मॉनिटरिंगसाठी अडून राहत नाही.

आता जिथे खरी वाट लागते ती जागा. बाहेरून क्वेरी आली की तुमच्या प्रॉपर्टीचा गेटर, म्हणजे तिची किंमत वाचून देणारा कोड, तुमच्या प्रोसेसमध्येच चालतो, पण तुमच्या थ्रेडवर नाही. मूळ क्लासवर ॲट्रिब्यूट लावू नका म्हणतो ते मुख्यतः यासाठी. मूळ रांगेच्या काउंट प्रॉपर्टीत लॉक, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप, असतो, असणारच. वर्कर थ्रेड तोच लॉक धरून प्रिंटरला बाइट पाठवतोय, प्रिंटरचं नेटवर्क गेलंय, वर्कर टाईमआउटची वाट बघत बसलाय. त्याच वेळी मॉनिटरिंगची क्वेरी येते, गेटर लॉकवर अडकतो, क्वेरी लटकते, टूल टाईमआउट देतं आणि सर्व्हर लाल. एका क्लायंटकडे हे बघितलंय, एका प्रिंटरची वायर निघाली आणि डॅशबोर्डवर अख्खा सर्व्हर 'अनरीचेबल', सगळे नेटवर्क शोधत बसले. ज्या वेळी माहिती सगळ्यात जास्त हवी नेमक्या त्याच वेळी ती मिळाली नाही.

तर पातळ क्लासमध्ये गेटरनी काहीही मोजायचं नाही, डेटाबेसला जायचं नाही, लॉक घ्यायचा नाही. वर्कर थ्रेड काम करता करता साध्या फील्डमध्ये आकडे लिहितो, इंटरलॉक्डने (लॉक न घेता आकडा सुरक्षितपणे बदलायची डॉटनेटची सोय) वाढवतो-कमी करतो, सगळ्यात जुन्या लेबलाची वेळ एका लाँगमध्ये ठेवतो, आणि गेटर फक्त ते फील्ड वाचून परत देतो, वय काढायचं तर एक वजाबाकी. दोन प्रॉपर्टींमध्ये एखाद्या लेबलाचा फरक आला तरी चालतं, हा हिशोबाचा ताळेबंद नाही. गेटरमधून एक्सेप्शन बाहेर जाऊ देऊ नका, पलीकडे ती नुसती 'प्रोव्हायडर फेल्युअर' म्हणून दिसते, एरर कोड ८००४१००४, आणि खरं कारण तुमच्या प्रोसेसमध्येच गाडलं जातं.

मेथडकडे येऊ. रांग थांबवायची तर मॅनेजमेंटकॉन्फिगरेशन लावून 'पॉझ्ड' ही लिहिता येणारी प्रॉपर्टी ठेवता येते, पण मी मेथड घेतो, पॉझ आणि रिझ्यूम अशा दोन वेगळ्या मॅनेजमेंटटास्क, आणि पॉझला कारण मागणारा एक स्ट्रिंग पॅरामीटर. प्रॉपर्टी बदलणं ही कृती आहे हे वाचणाऱ्याला कळत नाही, मेथडमध्ये तपासता येतं, नोंद ठेवता येते, परतीचा कोड देता येतो. परतीला पूर्णांक द्या, शून्य म्हणजे झालं, बाकीचे आकडे कशाचे ते एका पानावर लिहून इन्फ्राला द्या, विंडोजच्या स्वतःच्या क्लासांचीही हीच रीत आहे. मेथड लगेच परत आली पाहिजे, थांबवायचा झेंडा लावून मोकळी, रांग खरंच थांबेपर्यंत आत बसू नये. आणि परत परत हाक मारली तरी बिघडू नये, थांबलेली रांग पुन्हा थांबवली तरी शून्यच.

'क्लिअर' मेथड मागितली जाईल, रांग रिकामी करायची. देऊ नका. छापायची राहिलेली लेबलं पुसणं हा गोडाऊनचा निर्णय आहे, रात्रपाळीच्या इन्फ्रावाल्याच्या हातात ते बटण नको.

सिक्युरिटीचा मुद्दा इथेच येतो आणि लोक तो हमखास सोडून देतात. डब्ल्यूएमआयच्या परवानग्या नेमस्पेसवर असतात, डब्ल्यूएमआयएमजीएमटी.एमएससी उघडून सिक्युरिटी टॅबमध्ये दिसतात. रिमोटवरून येण्याचा हक्क मुळात फक्त ॲडमिनना असतो, पण त्याच मशीनवर लॉगिन केलेल्या साध्या युजरलाही मेथड चालवायची परवानगी डिफॉल्टनेच मिळालेली असते. म्हणजे तुमचा सर्व्हर टर्मिनल सर्व्हर म्हणून वापरला जात असेल तर त्यावर बसलेला कुणीही पॉझ मारू शकतो. म्हणून नेमस्पेस वेगळा घ्यायचा, त्याच्यावर मॉनिटरिंगच्या खात्याला वाचण्यापुरतं आणि रिमोट एनेबल, ऑपरेशनच्या ग्रुपला एक्झिक्यूट मेथड्स, बाकीच्यांचं काढून टाकायचं. डब्ल्यूएमआयकॉन्फिगरेशनमध्ये नेमस्पेससिक्युरिटी म्हणून एसडीडीएल स्ट्रिंग, म्हणजे मजकुरात लिहिलेल्या परवानग्या, देता येते, पण मी तरी ते इन्स्टॉलनंतरच्या स्क्रिप्टमध्ये ठेवतो, म्हणजे ग्रुप बदलला म्हणून डीएलएल परत बिल्ड करावी लागत नाही. मॉनिटरिंगच्या खात्याला डोमेन ॲडमिन करून मोकळं होणं हा जो सर्रास प्रकार चालतो तो कृपा करून करू नका.

रिमोटने बघायचं असेल तर फायरवॉलवाल्यांना आधीच विचारा की डीकॉम की विनआरएम, म्हणजे डब्ल्यूएमआयला लांबून जोडायची जुनी वाट की नवी. डीकॉमला १३५ आणि वर ४९१५२ ते ६५५३५ मधला कुठलाही पोर्ट, विनआरएमला ५९८५ किंवा ५९८६, एवढंच. डीकॉमवर मायक्रोसॉफ्टने मार्च २०२३ पासून कडक ऑथेंटिकेशन सक्तीचं केलंय, त्यामुळे जुनी टूलं त्यानंतर बंद पडलेली असू शकतात आणि दोष तुमच्या नव्या क्लासवर येतो. नवीन काही जोडत असाल तर विनआरएमच मागा.

इन्स्टॉल. असेंब्लीत डीफॉल्टमॅनेजमेंटइन्स्टॉलरपासून वारसा घेतलेला एक रिकामा क्लास, त्यावर रनइन्स्टॉलर, आणि मग ॲडमिन कमांड प्रॉम्प्टवरून इन्स्टॉलयुटिल हे डॉटनेटचं नोंदणीचं टूल चालवायचं. फ्रेमवर्क आणि फ्रेमवर्क६४ अशा दोन फोल्डरांत दोन इन्स्टॉलयुटिल असतात, ६४ बिटची असेंब्ली असेल तर दुसऱ्या फोल्डरातलं घ्या, नाहीतर बॅडइमेजफॉरमॅट. आणि एक बारीक पण फार वेळ खाणारी गोष्ट, हा क्लास सर्व्हिसच्या ईएक्सईमध्येच ठेवलात आणि त्याच ईएक्सईत सर्व्हिसइन्स्टॉलरही आहे, तर इन्स्टॉलयुटिल दोन्ही एकदम चालवतं. सर्व्हिस आधीच नोंदलेली असेल तर तो भाग फेल होतो आणि इन्स्टॉलयुटिल सगळं मागे फिरवतं, डब्ल्यूएमआयची नोंदणीसुद्धा. स्क्रीनवर एरर दिसते सर्व्हिसची, गायब होतो तुमचा क्लास. म्हणून पातळ क्लास वेगळ्या डीएलएलमध्ये ठेवा. त्या डीएलएलचं असेंब्ली व्हर्जन दर बिल्डला आपोआप वाढू देऊ नका, नोंदणी असेंब्लीच्या ओळखीला बांधलेली असते, आणि बदलायचंच असेल तर जुनी डीएलएल जागेवर असतानाच आधी अनइन्स्टॉल करून मग नवी टाका. प्रॉपर्टी वाढवली तरी इन्स्टॉलयुटिल परत चालवायला लागतं, नाहीतर रिपॉझिटरीत जुनाच आराखडा राहतो.

रिपॉझिटरीवरून आठवलं, सर्व्हरवर डब्ल्यूएमआय बिघडलं की नेटवर वाचून 'विनएमजीएमटी रीसेटरिपॉझिटरी' मारणारे बरेच असतात. त्याने रिपॉझिटरी विंडोज नवं बसवल्यासारखी होते आणि तुमचा क्लास त्यातून निघून जाऊ शकतो. तेव्हा नोंदणीची स्क्रिप्ट वेगळी, कितीदाही चालवता येईल अशी ठेवा आणि इन्फ्राच्या रनबुकमध्ये, म्हणजे अडचणीत काय करायचं त्या वहीत, तिचा उल्लेख असू दे.

तपासायला डब्ल्यूबीईएमटेस्ट अजूनही सगळ्यात भरवशाचं, दिसायला जुनाट आहे पण मध्ये काही लपवत नाही. पॉवरशेलमध्ये गेट-सीआयएमइन्स्टन्सला नेमस्पेस आणि क्लासनेम द्या, मेथडसाठी इन्व्होक-सीआयएममेथड. गेट-डब्ल्यूएमआयऑब्जेक्ट नव्या पॉवरशेलमध्ये नाही, आणि डब्ल्यूएमआयसी तर विंडोज १० च्या २१एच१ पासून डेप्रिकेटेड आहे, तेव्हा स्क्रिप्ट त्यांच्यावर बांधू नका. एररचे कोड शेवटच्या अक्षरांवरून ओळखता येतात, ८००४१०१० म्हणजे क्लासच नाही, इन्स्टॉलची पायरी बघा, ८००४१००ई म्हणजे नेमस्पेस चुकला, ८००४१००३ म्हणजे परवानगी नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएमआय-ॲक्टिव्हिटी नावाचा ऑपरेशनल लॉग आहे, त्यात ५८५८ नंबरची नोंद शोधा, कुठल्या क्लायंटची कुठली क्वेरी कशाने फसली ते तिथे असतं.

इव्हेंटबद्दल विचारलेलं नाही पण इन्फ्रावाले विचारतीलच. ते '__इन्स्टन्समॉडिफिकेशनइव्हेंट विदिन ५' अशी क्वेरी लावतील आणि समजतील की बदल झाला की लगेच कळणार. तसं नसतं, तुमच्या क्लाससाठी डब्ल्यूएमआय स्वतः दर ५ सेकंदांनी सगळ्या इन्स्टन्स काढून मागच्याशी ताडून बघतं, म्हणजे सगळे गेटर दर ५ सेकंदांनी चालतात, अशा प्रत्येक सबस्क्रिप्शनपायी. आणि वयाचं फील्ड तर सतत बदलतंय, त्यामुळे दर वेळी इव्हेंट येणार. वेअरमध्ये अट घालायला सांगा आणि विदिन ६० पुरे.

अजून एक, हे इन्फ्राला आधीच बोलून ठेवा. सर्व्हिस मेली की डीकपल्ड इन्स्टन्स नाहीशा होतात, आणि क्वेरीला साधारणपणे एरर येत नाही, रिकामं उत्तर येतं. 'वय ६०० सेकंदांपेक्षा जास्त' हा अलर्ट रिकाम्या उत्तरावर कधीच वाजणार नाही. सगळं शांत, सगळं हिरवं, आणि सर्व्हिस बंद. म्हणून विन३२_सर्व्हिसमधून सर्व्हिसची स्थिती वेगळी बघायची आणि 'रांगांची संख्या अपेक्षेपेक्षा कमी' असा दुसरा अलर्ट लावायचा.

आता पुढचं. हे सगळं डॉटनेट फ्रेमवर्कपुरतं आहे. डॉटनेट कोअर आणि त्यानंतरच्या डॉटनेटमध्ये सिस्टिम.मॅनेजमेंटचं नुगेट पॅकेज मिळतं पण ते क्वेरी मारण्यापुरतं, प्रोव्हायडर बनवायचे हे ॲट्रिब्यूट तिकडे आलेलेच नाहीत. डॉटनेट ८ वर जायचा विचार वर्षभरात असेल तर आत्ताच इन्फ्राशी बोला, आकड्यांसाठी सिस्टिम.डायग्नोस्टिक्स.मेट्रिक्स आणि ते बाहेर पाठवायला ओपनटेलिमेट्री घ्या, थांबवा-चालू करा यासाठी एक छोटा ऑथेंटिकेशनवाला एचटीटीपी एंडपॉइंट. जावावाल्यांचं या बाबतीत बरं चाललंय, त्यांच्याकडे स्प्रिंगमध्ये मॅनेज्डरिसोर्स, मॅनेज्डॲट्रिब्यूट, मॅनेज्डऑपरेशन हे ॲनोटेशन अजून तसेच चालतात, फक्त स्प्रिंग बूट २.२ पासून जेएमएक्स (जावाची डब्ल्यूएमआयसारखी सोय) डिफॉल्टने बंद असतं ते चालू करावं लागतं. कल्पना तीच, आणि की, नाव, गेटर याबद्दल वर जे लिहिलंय ते तिथेही जसंच्या तसं लागू.

पातळ क्लास वेगळा ठेवल्याचा फायदा तुम्हाला इथे पुन्हा मिळेल. तुमचे आकडे आधीच साध्या फील्डमध्ये आहेत, वर्कर ते लिहितोय, बाहेर काय द्यायचं ते ठरलेलं आहे, तेव्हा नव्या डॉटनेटवर जाताना फक्त ती एक डीएलएल बदलायची, ॲट्रिब्यूटच्या जागी मेट्रिक्समधले मीटर आणि ऑब्झर्व्हेबल गेज, नावं मात्र तीच ठेवा. सुरुवात एका रांगेपासून करा, टेस्ट सर्व्हरवर डॉक-३ पब्लिश करा, प्रिंटरची वायर काढा आणि इन्फ्राच्या माणसाला शेजारी बसवून वयाचा आकडा त्याच्या स्क्रीनवर वाढताना दिसतोय का ते बघा, मग बाकीच्या रांगा घ्या.